सशाचं रक्त, सशाचं मढं

ससा गोंडस असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलेले ससे कधी हुंगलेले नसतात. सशाचं मूत नाकात नाही, थेट डोळ्यांत जातं. मी घरी आले की आई दारातच अडवायची, आधी मोरीत जा म्हणायची. किन्हवलीच्या एसटीत एखादी बाई माझ्या शेजारी येऊन बसायची, दोन श्वास घ्यायची आणि पुढं जागा नसली तरी पुढं जाऊन उभी राहायची. मला त्या बायकांचा राग यायचा नाही. मलाही माझ्या ओढणीची किळसच यायची.

मी एमएस्सी झाले आणि मुरबाड तालुक्यात, धसईकडं जाणाऱ्या रस्त्याला, भाताच्या खाचरांच्या मधोमध असलेल्या एका लॅबमध्ये लागले. पुढं एसी खोल्या, काचेची दारं, पांढऱ्या फरश्या. मागं सशांची शेड. पाहुणे आले की त्यांना पुढचं दाखवायचे. मागच्या दाराला कायम पडदा.

लॅब अँटिबॉडी बनवायची. बऱ्याच प्रकारच्या बनवायची, पण नाव होतं ते त्यातल्या एकाच अँटिबॉडीमुळं. पायात काटा मोडला की पाय सुजतो. ती सूज वाढतच जाऊ नये, वेळेवर थांबावी, म्हणून माणसाच्या अंगात काही प्रथिनं राबत असतात. त्यातल्या एका प्रथिनाचा माग काढायला आमची अँटिबॉडी लागायची. नमुन्यात ते प्रथिन असलं तर ही नेमकी त्यालाच जाऊन चिकटते आणि संशोधकाला यंत्रात पट्टी दिसते. मोठमोठ्या शहरांतले संशोधक आमच्या कुप्यांची वाट बघत असायचे. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? मुरबाडच्या खाचरात बसून आपण असलं काही करतो याचा चांगलाच तोरा होता.

बनवायची रीत मात्र ऐकवत नाही. ते माणसाचं प्रथिन तेलकट औषधात घोटून सशाच्या कातडीखाली टोचायचं. सशाचं अंग त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. टोचलेल्या जागी गाठी येतात, काही फुटतात, पू येतो. मग काही आठवड्यांनी कानाच्या शिरेतून रक्त काढायचं, गोठू द्यायचं, यंत्रात गरगरा फिरवायचं. वर जे पिवळसर पाणी उरतं ते सिरम. ते गाळून, शुद्ध करून, बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं. त्या कुप्या उचलताना मॅडम दोन्ही हातांनी उचलायच्या, देवाचं तीर्थ असल्यासारख्या. आणि ज्याचं ते पाणी, तो ससा मागच्या पडद्याआड स्वतःच्या लेंड्यांत बसलेला.

प्रथिनाच्या बाटलीवर नुसतं 'मानव' लिहिलेलं असायचं. कुठला मानव, कुणाच्या घरचा, कुठल्या वाडीवरचा, हे बाटलीला कुणी विचारायचं नाही. माणसांची गोष्ट वेगळी. मला पहिल्याच आठवड्यात गाव विचारलं, मग आडनाव, मग 'म्हणजे कुठले तुम्ही?' विचारलं. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. सगळे एकदम 'छान, छान' म्हणाले. छान काय त्यात डोंबल?

आम्ही चौघंच होतो तिथं. लॅबचे मालक, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. डॉक्टरेट केलेले, परदेशात राहून आलेले, मऊ बोलणारे. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडम, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, शहापूरहून यायच्या. स्टोअर बघणारे एक काका, जवळच्याच गावातले, भातशेती करून नोकरी करणारे. आणि मी.

ससे मरायचे. कधी पोट बिघडून, कधी काहीच कारण नसताना. मेलेला ससा हातमोजे घालून पिवळ्या पिशवीत भरायचा, तोंड बांधायचं आणि कचरा न्यायला येणाऱ्या गाडीत द्यायचा. हे काम आळीपाळीनं करायचं असं साहेबांनीच ठरवून दिलं होतं. त्यात ते स्वतःसुद्धा होते. मला ते फार आवडलं होतं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं होतं की आमच्याकडं मालकसुद्धा मेलेला ससा उचलतो.

बाबा शहापूर डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर. ते कमी बोलतात. ते ऐकून म्हणाले, "उचलताना बघितलास का त्याला?"

मी म्हटलं, अजून त्यांचा नंबर आला नाही. बाबा पेपर वाचायला लागले. त्यांच्या बापानं धम्म घेतला त्या वर्षीच गावचं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं होतं. वस्तीतल्या सगळ्यांनीच सोडलं. त्यावरून गावानं पाणी तोडलं, कामाला बोलावणं बंद केलं, गावातल्या एका घरासमोर मेलेला बैल फुगून फुटेपर्यंत पडून राहिला, पण वस्तीतलं कुणी गेलं नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळं बाबा काय विचारतायत ते मला कळलं होतं. मी मनात म्हटलं, हे सायन्स आहे, इथं तसलं काही नसतं.

नसतं कुठलं! मॅडमचा नंबर आला तेव्हा त्यांना चतुर्थी होती. त्यांनी माझा दंड धरून इतक्या लाडीगोडीनं सांगितलं की मी हसत हसत उचलला. काकांचा आला तेव्हा श्रावणी सोमवार. पुढच्या वेळी त्यांच्या घरी सत्यनारायण. साहेबांचा आला तेव्हा ते मीटिंगमध्ये. मग पुन्हा मॅडम, तेव्हा पितृपक्ष. प्रत्येकाच्या घरी काही ना काही असायचं, आणि माझ्या घरी यातलं काहीच नाही, म्हणून मी. एकदा मी मुद्दाम म्हटलं, आज पौर्णिमा आहे, मला विहारात जायचंय. तर काका म्हणाले, "मग काय झाला? तुमच्यात चालतो ना." कुणी तुमच्या तोंडावर थुंकलं आणि वर रुमालही दिला, तसं वाटलं मला.

त्या दिवशी मी मॅडमना स्वच्छ सांगितलं की यापुढं माझा नंबर असेल तेव्हाच मी मेलेला ससा उचलीन, दुसऱ्याचा म्हणून एकही नाही. नोकरी गेली तरी चालेल. मॅडम म्हणाल्या, अगं एवढं काय मनाला लावून घेतेस. पण त्यांनी ते साहेबांना सांगितलं असणार, कारण नंतर आठवडाभर साहेब माझ्याशी फारच गोड बोलत होते.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्या भागात खंडेनवमीला अवजारं पुजतात. विळे, कोयते, नांगर, पिठाची गिरणी, रिक्षा, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी अवजाराला कामाला लावायचं नाही. आमच्या लॅबमध्येही यंत्रांची पूजा व्हायची. परदेशातून आलेल्या यंत्राला गंध, फ्रीजरच्या मुठीला हार. साहेब सोवळं नेसून बसायचे. मी दुपारीच निघाले होते, कारण दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मदीक्षेचा दिवस, आणि विहारातल्या खिरीचं काम आमच्या महिला मंडळाकडं होतं. पुढचं मला नंतर मॅडमकडून कळलं. पूजा झाल्यावर साहेब म्हणाले, वर्षभर राबतात बिचारी, आज यंत्रांना विश्रांती. सगळ्यांना पेढे दिले. आणि काकांनी जाताना, ज्या श्रद्धेनं ते घरी विळा पाटावर ठेवत असतील त्याच श्रद्धेनं, हात जोडून मेन स्विच खाली ओढला.

आमच्या बाबांच्या डेपोतही खंडेनवमीला गाड्यांना झेंडू लागायचा, म्हणून कुणी एसटी बंद ठेवल्याचं मी ऐकलं नाही. पण काकांना दोष देऊन काय उपयोग? साहेब तिथंच उभे होते, मॅडम तिथंच होत्या. दिवे गेले, फ्रीजरची घरघर थांबली, मागच्या शेडचा कूलर आणि पंखे थांबले. कुणालाही वाटलं नाही की काही चुकतंय. उलट मॅडम म्हणाल्या की किती शांत वाटलं गं त्या क्षणी, अगदी प्रसन्न.

दसऱ्याला सुट्टी. त्या दिवशी सशांकडं बघून यायचा नंबर काकांचा होता, पण घरात पाहुणे आले आणि ते राहून गेलं. ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर पत्रा, पंखा बंद. सशाला थंडी सोसते, उकाडा सोसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जीपमधून उतरले तेव्हा रस्त्यापर्यंत वास येत होता. मला वाटलं आसपास कुत्रं मेलंय. आत गेले तर पुढच्या खोलीत साहेब फ्रीजर उघडून बसलेले. कुप्या पाण्यात तरंगत होत्या, हाराचा झेंडू काळा पडला होता. साहेब एकेक कुपी उघडायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. सिरम सडलं होतं, गढूळ झालं होतं. सडक्या रक्ताचा वास, पण त्यांनी नाक मागं घेतलं नाही. एका कुपीतलं थोडं बोटावर घेऊन त्यांनी अंगठ्यानं चोळून बघितलं. खरोखर रडत होते ते. मला वाईट वाटलं. त्या अँटिबॉडीमागं आम्हा सगळ्यांची मेहनत होती आणि माझाही जीव तिच्यात होताच.

मग मी मागं गेले. पडदा सरकवला. एकूणएक ससे मेले होते. पिंजऱ्याच्या जाळीला तोंडं लावून, हवेसाठी. फुगले होते, नाकातोंडातून पाणी गळत होतं, आणि माशाच माशा. ज्याच्या कानातून मी गेल्याच आठवड्यात रक्त काढलं होतं, त्याचा कान जाळीत अडकून फाटला होता. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं.

ते तिघं पडद्यापर्यंत आले. त्याच्या पुढं कुणी आलं नाही. साहेबांनी रुमाल काढून नाकाला लावला. तोच माणूस, पाच मिनिटांपूर्वी त्याच सशाचं सडकं पाणी बोटांत चोळत होता! मॅडम पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळल्या. काका तर अंगणातच गेले. कचऱ्याची गाडी दुपारी येणार होती आणि ती तोंड बांधलेलंच नेते. मी वाट बघत उभी राहिले. आज नंबर कुणाचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आज नंबर साहेबांचा होता.

साहेब माझ्याकडं वळले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "तूच बघ बाई हे. तुमच्याकडे सवय असते याची."

"आमच्याकडं म्हंजे कुणाकडं, साहेब?"

ते गडबडले. म्हणाले, अगं म्हणजे, गावाकडे. मॅडम गावच्या, काका गावचे, लॅबच्या चारी बाजूंना गाव. तिथं गावाकडचं कोण नव्हतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं की मेलेलं ओढायचं आमी सोडलंय, आणि ते काही तुम्ही पुन्हा सुरू करणार नाय. रागात माझ्या तोंडी घरची भाषा आली होती, ती मी आवरली नाही. साहेब म्हणाले की हा कामाचा भाग आहे, नाही म्हणायचं असेल तर उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, ठीक आहे. मॅडम माझ्यामागं धावत आल्या. कुजबुजत म्हणाल्या की कालच घट उठलेत गं आमचे, मी कशी शिवू, तू तर आमच्यातलीच आहेस. मी त्यांना विचारलं की आमच्यातली असते तर माझ्या डब्यातलं कधी खाल्लं असतंत ना? इतकी वर्षं त्यांना माझी भाजी कायम तिखट वाटत आली होती.

ॲप्रन काढला, टेबलाच्या खणातल्या वस्तू पिशवीत भरल्या, आणि निघणार तेवढ्यात काका फाटकातून आत आले. त्यांच्यामागं एक बाई होती. पलीकडच्या डोंगराखालच्या आदिवासी वाडीवरची. पावसाळ्यात ती आवारातलं गवत काढायला यायची, म्हणून चेहरा ओळखीचा. तिच्या हातात खताची रिकामी पोती होती. साहेबांनी रुमालाआडूनच बोटानं शेड दाखवली. किती पटकन माणूस सापडलं होतं त्यांना! मी नाही म्हटल्याला अर्धा तासही झाला नव्हता.

बाई पडदा सरकवून आत गेली. मी मागोमाग गेले. तिनं पहिल्या पिंजऱ्यात नुसताच हात घातला.

मी ओरडलेच. म्हटलं, हातमोजे कुठायत? ती म्हणाली, मागितले होते, तर काका म्हणाले ते लॅबवाल्यांचे असतात. खोकंच्या खोकं भरलेलं होतं स्टोअरमध्ये. मी जाऊन खोकंच उचलून आणलं, तिच्या हातात मोजे चढवले आणि तिला सांगितलं की बाई, हे करू नको, हे काम त्यांचं आहे, ते आपल्यावर ढकलतायत. तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं.

"तू का नाय उचललास?"

मी सांगितलं. आमच्या आजोबांनी सोडलं, सगळ्या वस्तीनं सोडलं, गावानं छळलं तरी पुन्हा धरलं नाही. सांगताना माझा आवाज नेहमीसारखा ताठ झाला असणार. ती ऐकत होती, हातात मेलेला ससा तसाच. मग तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, टोमणा मारायचा म्हणून नाही.

"तुमी सोडला त्या आमच्याकडं आला. मग आमी कवा सोडायचा?"

मी म्हटलं, आजच सोड, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, आज नाय, पोरांना सांगून आलंय जेवाया आणते म्हणून. आणि तिनं ससा पोत्यात टाकला.

मग मी पिशवी खाली ठेवली, मोजे घातले आणि पोत्याचं तोंड धरलं. तिला एकटीला त्या घाणीत सोडून कसं जायचं? आम्ही एकेक पिंजरा उघडत गेलो. कातडी हातात सुटून यायची. तिला दोनदा ओकारी आली, मला जास्त वेळा. सवय म्हणे! कुणालाच नसते सवय. दारात साहेब उभे राहून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कसा कमी कमी होत गेला ते मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "हेच आधी केलं असतंस तर एवढं झालं नसतं."

त्या वासापेक्षा घाण असं काही असेल तर ते हे वाक्य.

एक ससा उरला होता. कान फाटलेला. त्याच्याच रक्तावर लॅबचं नाव झालं होतं. बाई त्याच्याकडं वळली, तेव्हा मी तिचा हात धरला. पोत्यांची तोंडं बांधली, तिचे मोजे काढले, माझे काढले, दोघींनी नळावर हात धुतले. मग खोक्यातून मोज्यांची नवी जोडी काढून मी साहेबांच्या पुढं धरली. त्यांनी घेतली नाही, म्हणून त्यांच्या पायाशी ठेवली.

ते गोंधळून म्हणाले, "अगं, पण आता एकच तर राहिलाय."

"हो," मी म्हटलं. "तुमचा नंबर."